ग्राफिक कार्डची तुलना कशी करायची? जळगाव-धुळे-नंदुरबारकडून नेहमी येणारे प्रश्न

मी जळगावात लग्नाचं व्हिडिओ एडिटिंग करतो आणि सोबत ओळखीच्यांना पीसी असेंबल करून देतो. चाळीसगाव, अमळनेर, शहादा, कुठून कुठून फोन येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. घाई असेल तर तुमचा प्रश्न शोधून तेवढंच वाचा, पण नावांचा जो प्रश्न आहे तो मात्र सोडू नका.

भाऊ, आरटीएक्स ३०६० घेऊ का ४०६०?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. दोन्ही एनव्हिडिया कंपनीची कार्डं, ३०६० आधीच्या पिढीचं, ४०६० नंतरच्या. दोघांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. ३०६० मध्ये ३५८४ कोअर (हिशोब करणारे छोटे भाग), १२ जीबी मेमरी, १९२ बिटची बस (मेमरीचा रस्ता, पुढे सांगतो), वीज १७० वॅट. ४०६० मध्ये ३०७२ कोअर, ८ जीबी मेमरी, १२८ बिटची बस, वीज ११५ वॅट. कागदावर बघितलं तर ३०६० सगळ्यातच मोठं दिसतं, बरोबर? आणि तरी १०८०पी (फुल एचडी) वर बहुतेक गेममध्ये ४०६० साधारण १५-२० टक्के पुढे असतं, कारण त्याचा क्लॉक, म्हणजे कोअरचा वेग, खूप जास्त आहे आणि आतली कॅश (चिपमधली छोटी मेमरी) ३ एमबीवरून थेट २४ एमबी केलेली आहे.

पण तेच ३०६० घेऊन ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये जड सीन उघडा नाहीतर घरच्या घरी एआय मॉडेल चालवा, तिथे ८ जीबीत काम बसलंच नाही तर ४०६० चा वेग काय कामाचा? तिथे १२ जीबीवालंच चालतं. म्हणून मी आधी उलट विचारतो, काम काय करणार? नुसतं गेमिंग आणि लाइट बिल कमी हवं तर ४०६०, मेमरी खाणारं काम असेल तर १२ जीबीचं ३०६०. आणि १२ जीबीचं असं मुद्दाम म्हणतोय, का ते खाली कळेल.

बस म्हणजे काय? २५६ बिट म्हणजे १२८ पेक्षा दुप्पट भारी ना?

शेतकऱ्याच्या घरातल्याला हे लगेच कळतं. मेमरीचे जीबी म्हणजे हौद, बस म्हणजे पाइपची जाडी आणि मेमरीचा स्पीड म्हणजे मोटरचं प्रेशर. केळीच्या बागेला मिनिटाला किती पाणी पोचलं हे नुसता पाइप बघून सांगता येतं का? नाही, प्रेशरही बघावं लागतं. ते पोचलेलं पाणी म्हणजे बँडविड्थ. हिशोब सोपा आहे, बसचे बिट गुणिले मेमरीचा स्पीड, भागिले ८.

आता ३०६० टीआय घ्या, २५६ बिट आणि १४ जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४४८ जीबी. आणि २०२५ मध्ये आलेलं ५०६० घ्या, बस फक्त १२८ बिट पण मेमरी जीडीडीआर७, स्पीड २८ जीबीपीएस, हिशोब करा, तेही ४४८ च येतं. पाइप अर्धा, प्रेशर दुप्पट, पाणी तेवढंच. म्हणून नुसती बस बघून कार्डाला नाव ठेवू नका.

कॅश म्हणजे बागेच्या बांधावरची छोटी टाकी. लागणारं पाणी तिथेच मिळालं तर विहिरीपर्यंत जावं लागत नाही. ४०६० टीआयची बँडविड्थ २८८ च आहे, ३०६० टीआयपेक्षा कितीतरी कमी, पण कॅश ३२ एमबी, त्यामुळे १०८०पी वर ते ३०६० टीआयच्या थोडं पुढे राहतं. रिझोल्यूशन वाढवलं की टाकी पुरत नाही आणि तो थोडा फरकही जातो.

कोअर जास्त तेवढं कार्ड भारी, एवढं धरून चालू का?

नका धरू. भरताचं वांगं घेताना आपण आकाराला भुलत नाही, हातात घेऊन बघतो, आकाराच्या मानाने हलकं लागलं तर बिया कमी. कोअरचा आकडा म्हणजे नुसता आकार. एनव्हिडियाचे कोअर आणि एएमडी या दुसऱ्या कंपनीचे कोअर तर एकमेकांशी लावूच नका, एएमडीच्या आरएक्स ७६०० मध्ये २०४८ आहेत आणि ३०६० मध्ये ३५८४, आणि तरी साध्या गेमिंगमध्ये ७६०० पुढे आहे.

एकाच कंपनीतसुद्धा पिढी बदलली की मोजायची पद्धत बदलते. २०८० टीआयमध्ये ४३५२ कोअर होते, ३०७० मध्ये ५८८८ झाले, टेराफ्लॉप्स (कागदावरची हिशोबाची ताकद) १३ वरून २० वर गेले, पण गेम खेळताना दोन्ही कार्डं जवळपास सारखीच. त्यामुळे कोअर आणि टेराफ्लॉप्स हे एकाच पिढीतल्या, एकाच कंपनीच्या दोन कार्डांत तुलना करायला ठीक आहेत, त्याच्या बाहेर नाही.

नाव सेम आहे म्हणजे कार्ड सेमच ना?

इथे जरा बसा, कारण इथे माझे नाही, माझ्या मावसभावाचे पैसे गेलेत आणि ते मला अजून लागतं.

त्याचा अमळनेरला फोटो स्टुडिओ आहे. २०२३ मध्ये त्याच्यासाठी ३०६० घ्यायचं ठरलं, एका दुकानात फोन केला, समोरून सांगितलं थर्टी सिक्स्टी आहे, रेट पण थोडा कमी लावतो, या घेऊन जा. मी गेलो, बॉक्सवरचं मोठं नाव बघितलं, पैसे दिले. रात्री अकराला कार्ड बसवलं, ड्रायव्हर टाकला, सवयीने जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं तर मेमरी साइजच्या रकान्यात ८१९२ एमबी आणि बस विड्थ १२८ बिट. मला वाटलं सॉफ्टवेअर चुकतंय, बंद करून परत उघडलं, तेच. मग खाली पडलेला बॉक्स उचलला आणि ट्यूबलाइटखाली धरून बघितला तर कोपऱ्यात बारीक अक्षरात ८ जीबी लिहिलेलं. दुकानदाराने सील तुटलंय म्हणून परत घेतलं नाही. भाऊ एक शब्द बोलला नाही, पण ते पैसे त्याच्या दोन लग्नांच्या ऑर्डरचे होते.

तर ३०६० चं हे ८ जीबीवालं कार्ड २०२२ च्या शेवटी आलं, नाव तेच ठेवलं, कोअर तेच ठेवले, पण बस १९२ वरून १२८ आणि बँडविड्थ ३६० वरून २४०. गेममध्येसुद्धा सरळ मागे पडतं. आणि हे एकच नाही. जीटी १०३० चं डीडीआर४ वालं निघालं त्याची बँडविड्थ ४८ वरून १६.८ झाली, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि बॉक्सवर नाव जीटी १०३० च. जीटीएक्स १०६० च्या ३ जीबीवाल्यात मेमरी तर कमी होतीच, कोअरही १२८० ऐवजी ११५२ होते. ३०५० चं ६ जीबीवालं आलं त्यात कोअर २५६० वरून २३०४, बस १२८ वरून ९६. ते कार्ड वाईट नाही हं, ७० वॅटमध्ये चालतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, पण ते वेगळं कार्ड आहे आणि वेगळ्या भावाचं आहे.

२०२२ मध्ये तर एनव्हिडियाने ४०८० नावाची दोन कार्डं जाहीर केली, १६ जीबी आणि १२ जीबी, आणि दोघांत कोअरचाच एवढा फरक होता, ९७२८ आणि ७६८०, की लोकांनी आरडाओरडा केल्यावर ऑक्टोबरमध्ये १२ जीबीवालं मागे घेतलं. तेच पुढे जानेवारी २०२३ मध्ये ४०७० टीआय म्हणून विकलं. ओरडलं की बदलतं, हेही यातून दिसतं.

म्हणून दुकानात नाव विचारू नका. चार गोष्टी विचारा, मेमरी किती जीबी, मेमरीचा प्रकार कुठला, बस किती बिट, कोअर किती. आणि सील तोडायच्या आधी बॉक्सच्या मागचं सगळं वाचून घ्या.

८ जीबी आता पुरतं का?

१०८०पी वर व्हॅलोरंट, सीएस२, जीटीए ५ असं खेळणार असाल तर निवांत पुरतं. नवीन मोठ्या गेममध्ये टेक्श्चर (भिंती, जमिनीवरची चित्रं) अल्ट्रा ठेवलं की अडतं. आणि अडल्यावर दरवेळी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) कमी दिसतोच असं नाही, सरासरी ठीक दिसते पण मधेच झटका बसतो, नाहीतर भिंतीचं चित्र धूसर राहतं आणि दोन सेकंदांनी नीट होतं. असं दिसलं तर आधी टेक्श्चर एक पायरी खाली करून बघा, चांगल्या कार्डाला शिव्या द्यायच्या आधी.

पण आज नवीन कार्ड घेऊन चार-पाच वर्षं वापरायचं म्हणत असाल, आणि घरात वर्षातून एकदाच असा मोठा खर्च निघत असेल, तर १२ किंवा १६ जीबीकडे जा. इंटेलचं आर्क बी५८० आहे १२ जीबी, १९२ बिट, चांगलं कार्ड आहे, फक्त मदरबोर्डमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम उघडी करणारी सेटिंग) चालू होत असेल तरच घ्या, नाहीतर त्याची बरीच ताकद वाया जाते.

व्हिडिओत दाखवतात ते एफपीएस माझ्याकडे का येत नाहीत?

तीन कारणं असतात बहुतेक. पहिलं, टेस्ट करणारा सगळ्यात महाग प्रोसेसर लावतो, म्हणजे कार्डाची खरी ताकद दिसावी म्हणून, ते बरोबरच आहे, पण तुमच्याकडे चौथ्या जनरेशनचा आय५ असेल तर प्रोसेसरच आधी दमतो. तपासायचं असेल तर गेम चालू असताना कार्डाचा वापर बघा, ९५ च्या वर असेल तर कार्ड पूर्ण राबतंय, ५०-६० वर अडकलं असेल तर दोष कार्डाचा नाही.

दुसरं, सरासरी बघता आणि वन पर्सेंट लो, म्हणजे सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा वेग, बघत नाही. सरासरी ९० आणि लो ३५ असेल तर खेळताना ते अडखळतच लागणार. मला विचाराल तर सरासरी ७५ आणि लो ६० वालं कार्ड मी आधी उचलेन.

तिसरं म्हणजे फ्रेम जनरेशन. ४० सिरीजमध्ये दोन खऱ्या फ्रेमच्या मधे एक बनवलेली फ्रेम घालतात, ५० सिरीज आली तेव्हा तीनपर्यंत. जानेवारी २०२५ मध्ये स्टेजवरून सांगितलं गेलं की ५०७० मध्ये ४०९० चा परफॉर्मन्स मिळतो. आता ५०७० चे ६१४४ कोअर आणि ४०९० चे १६३८४, मेमरी १२ आणि २४, हे कसं जुळणार? तर तो आकडा बनवलेल्या फ्रेम धरून होता. फ्रेम जनरेशन वाईट आहे असं मी म्हणत नाही, मुळात ६० च्या वर येत असतील तर ते छान गुळगुळीत दिसतं. पण मुळात २५ येत असतील तर पडद्यावर १०० दिसतील आणि माउस मात्र २५ वाल्यासारखाच जड लागेल. म्हणून तुलना करताना ते बंद ठेवलेले आकडेच शोधा.

लग्नाच्या एडिटिंगसाठी कुठलं कार्ड घेऊ? टाइमलाइन खूप अडकते.

हा माझ्या पोटापाण्याचा विषय, म्हणून नीट सांगतो. आधी कॅमेऱ्यात बघा फुटेज कुठल्या फॉरमॅटमध्ये शूट करताय. आजकाल बरेच जण १० बिट ४:२:२ (जास्त रंगमाहिती साठवणारा फॉरमॅट) लावून ठेवतात, कलर ग्रेडिंगला छान पडतं म्हणून. पण एनव्हिडियाच्या ३० आणि ४० सिरीजमध्ये ४:२:२ वाचायची सोयच हार्डवेअरमध्ये नाही, ती ५० सिरीजपासून आली. म्हणजे तुम्ही ४०७० लावा नाहीतर ४०९० लावा, तसलं फुटेज उलगडायचं काम प्रोसेसरच्याच गळ्यात पडतं आणि टाइमलाइन अडकते, आणि माणूस म्हणतो अजून मोठं कार्ड पाहिजे.

उलट इंटेलचा १२व्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर, ज्याच्या नावाच्या शेवटी एफ नाही, त्याच्या आतल्या छोट्या ग्राफिकला एचईव्हीसी (एच.२६५) ४:२:२ वाचता येतं. म्हणून एडिटिंगच्या मशीनला थोडे पैसे वाचवायला एफवाला प्रोसेसर घेऊ नका, अगदी कळकळीने सांगतो. आणि जुनं मशीन असेल तर प्रॉक्सी (फुटेजची हलकी कॉपी) बनवा, रात्री लावून झोपा, सकाळी टाइमलाइन लोण्यासारखी फिरते, एक रुपयाही लागत नाही.

बाकी एक्स्पोर्टला, नॉइज कमी करायला, ग्रेडिंगला कार्ड लागतंच. तिथे ८ जीबीवर फोर-केचं काम होतं, पण इफेक्ट जास्त चढवले की मेमरी फुल असा मेसेज येतो. आणि आरएक्स ६५०० एक्सटी एडिटिंगला कुणी दिलं तर नका घेऊ, त्याच्यात व्हिडिओ एन्कोडरच (एक्स्पोर्टला व्हिडिओ बनवणारा भाग) नाही.

फ्लेक्स-बॅनरचं दुकान आहे, कोरल आणि फोटोशॉप चालतं, कार्ड टाकू का?

आधी एसएसडी आणि ३२ जीबी रॅम टाका. पैसे उरले तर बघू.

माझ्याकडे ४५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आहे, चालेल ना?

कॅबिनेटसोबत फुकट आला असेल तर आधी साइडचं झाकण उघडा, एसएमपीएसवरचा स्टिकर बघा आणि १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. वरती ठळक ४५० लिहिलेलं असतं आणि १२ व्होल्टला १८ अँपिअर, म्हणजे १२ गुणिले १८, २१६ वॅट झाले फक्त. कार्ड आणि प्रोसेसर दोघं या १२ व्होल्टवरच जगतात. १७० वॅटचं कार्ड आणि ६५-१०० वॅटचा प्रोसेसर त्याच्यावर लावला की गेम सुरू झाला की पीसी बंद, आणि दोष कार्डाला.

स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनमधून ७५, ८ पिनमधून १५०. ६ पिनला कन्व्हर्टर लावून ८ पिन करू नका. आणि आपल्याकडे लाइट जाते येते, तर यूपीएसचाही विचार करा, ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच ओढतो. मोठं कार्ड पूर्ण भारावर असताना लाइट गेली तर तो तिथेच मान टाकतो, अर्धवट एक्स्पोर्ट गेला.

उन्हाळ्यात कार्ड ८५ च्या वर जातं, खराब झालं का?

बहुतेक नाही. रिव्ह्यू करणारे २२-२५ अंशांच्या एसी खोलीत टेस्ट करतात आणि आपल्याकडे मे महिन्यात भुसावळला बाहेर ४५ च्या वर असतं, खोलीत ३८-४० सहज. खोली जेवढे अंश गरम तेवढेच अंश कार्डही साधारण वर चढतं, कारण पंखा तीच हवा मारतो. ३० सिरीजच्या बऱ्याच कार्डांचा ठरलेला टप्पा ८३ अंशांचा असतो, तिथे पोचलं की ते स्वतःच क्लॉक खाली आणतं. म्हणजे जानेवारीत मिळालेले एफपीएस मे महिन्यात मिळतीलच असं नाही, आणि त्यामुळेच आपल्याकडे ११५ वॅटचं कार्ड आणि २०० वॅटचं कार्ड यातला फरक पुण्या-नाशिकपेक्षा जास्त जाणवतो. आपल्या भागात मी वॅटचा रकाना मेमरीच्या लगेच नंतर वाचतो.

भुसावळच्या एका मित्राचा पीसी पत्र्याच्या खोलीत होता. त्याने थंड राहावा म्हणून झाकण काढून कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडलेला. कार्ड काढून पंखे उचलले तर खाली हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ आणि कूलरचा ओलावा मिळून चिखल बसलेला, आणि तो वाळून अक्षरशः लिंपल्यासारखा झालेला. ब्लोअरने काही निघेना. रंगाचा बारीक ब्रश घेऊन एकेक पातं मोकळं करत बसलो, दीड तास गेला. झाकण लावलं, कूलर खोलीत राहू दिला पण तोंड दुसरीकडे फिरवलं, तापमान दहा-अकरा अंशांनी उतरलं. तर ओली हवा थेट मारू नका, दर दोन महिन्यांनी धूळ काढा, आणि आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्के करून बघा, एफपीएस थोडेच जातात आणि उष्णता बरीच जाते.

जुन्या एच६१ बोर्डावर नवीन कार्ड चालेल?

बसेल, बहुतेक चालेलही, पण लेन बघा, म्हणजे कार्ड आणि बोर्डामधले रस्ते. ४०६०, आरएक्स ६६००, ७६०० ही कार्डं स्लॉट अख्खा भरतात पण आतून फक्त ८ लेन वापरतात, आणि ६५०० एक्सटी तर ४ च. जुन्या बोर्डावर कार्डाचा स्लॉट जुन्या पिढीचा, पीसीआयई २ किंवा ३, असल्याने रस्ता आधीच अरुंद. ८ लेनवाल्याला फरक कमी पडतो जोपर्यंत मेमरी भरत नाही तोपर्यंत, ४ लेनवालं मात्र तिथे लावूच नका. तसल्या पीसीला १६५० सारखं, ७५ वॅटचं, वेगळी केबल नसलेलं कार्ड जास्त शोभतं.

सेकंड हँड घेऊ का?

घ्या, पण चालवून बघून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि तेव्हा रात्रंदिवस राबलेली भरपूर कार्डं बाजारात आली. राबलेलं म्हणजे मेलेलं असं नाही, पण पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड झिजलेले असतात. पेनड्राइव्हमध्ये जीपीयू-झेड घेऊन जा, बस, मेमरी, कोअर तपासा, नावाआधी फेक असं दिसलं तर तिथूनच उठा, जुन्या चिपवर १०५० टीआयचं नाव चढवून विकलेली कार्डं खरंच फिरतात. मग अर्धा तास गेम चालवा, डोळे पडद्यावर आणि कान पंख्यावर. आणि जीटीएक्स १० सिरीज आता स्वस्त दिसेल, पण तिचे गेमसाठीचे नवीन ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेवढं धरून भाव करा.

लॅपटॉपमधलं ४०६० आणि पीसीतलं ४०६० सारखंच का?

नाही. लॅपटॉपमध्ये तेच नाव ३५ वॅटवरही मिळतं आणि ११५ वॅटवरही. स्पेसिफिकेशनमध्ये टीजीपी (कार्डाला मिळणारे वॅट) शोधा, लिहिलेलं नसेल तर विचारा, सांगत नसतील तर दुसरा लॅपटॉप बघा.

कितला पैसा लागतीन भाऊ?

भाव आठवड्याला हलतात म्हणून आकडा लिहीत नाही, पद्धत सांगतो. कार्डाच्या किमतीला तुमच्या गेममधल्या सरासरी एफपीएसने भागा. २४,००० चं कार्ड ८० देत असेल तर एका फ्रेमला ३०० रुपये, ३०,००० चं ९० देत असेल तर ३३३. मग महागात जास्तीची मेमरी मिळतेय का ते बघा, नसेल तर स्वस्तवालंच घ्या. किंमत विचारताना १८ टक्के जीएसटी धरून विचारा आणि पक्कं बिल घ्या, त्याच्यावर कार्डाचा सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तो लागतो.

आणि मला विचारणार असाल तर चार गोष्टी पाठवा, मॉनिटरचं रिझोल्यूशन, प्रोसेसरचं पूर्ण नाव, एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो आणि रोज काय चालवता ते. संध्याकाळी आठनंतर मी रिकामा असतो, लग्नसराईत दहानंतर.